युफोरिया म्हणजे बँड की गाणं?

पोहे_जलेबी: काल आमच्या कॉलनीत (इंदूर) गणपतीची क्विझ होती, प्रश्न आला युफोरिया काय, मी धडाधड लिहिलं पलाश सेनचा दिल्लीवाला बँड, धूम पिचक धूमवाला, तर म्हणे चूक, ते लोरीनचं गाणं!! अर्धा मार्कही नाही. बरोबर कोण?

सराफा_रात्री_२: दोघं बरोबर भिया. धूम पिचक १९९८चं, लोरीन त्या गाण्यावर स्वीडनकडून २०१२ची युरोव्हिजन (युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा) जिंकली. प्रश्नच अर्धवट.

जुनी_कॅसेट: ब्लॅक सॅबथ बघ, बँड, १९७०चा पहिला अल्बम आणि त्यातलं पहिलंच गाणं, तिन्हीचं नाव एकच. माझ्या कॅसेटवर पेनाने तीनदा तेच लिहिलंय, आई म्हणायची पाढे पाठ करतोयस का

पोहे_जलेबी: 😂 उद्या जाऊन भांडतोच, बक्षीस स्टीलचा डबा होता