घरच्या ग्रुपवर : बिग टेनचा यंदाचा मानकरी कोण?

मार्च 2025, सोमवार

मामा: काल इथं अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा नियमित हंगाम संपला. आता एकदोन दिवसांत बिग टेनचा प्लेयर ऑफ द इयर ठरेल. माझं मत आधीच नोंदवून ठेवतो: जॉन टोन्जे. तो आमच्या गावातल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा खेळाडू म्हणून नाही. वर्षभर बघितलंय त्याला, म्हणून सांगतोय.

मी: मामा, ब्रेडन स्मिथ! मीही त्याच्याच परड्यू विद्यापीठात शिकते म्हणून म्हणत नाहीये. दुसरं नाव मनात येतच नाही.

आबा: सुप्रभात. तुमचं रात्रीचं बोलणं आत्ता वाचलं. बिग टेन म्हणजे दहा कॉलेजं का? आणि हे बक्षीस देतं कोण?

मी: आबा, नाव जुनं राहिलंय, संघ आता 18 आहेत. 2024 मध्ये पार पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं यात आली. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असतात ना, तसाच हा एक गट समजा. प्रत्येक संघ गटात 20 सामने खेळतो. शेवटी प्रशिक्षक मतं देतात, आणि सामन्यांच्या बातम्या देणारे पत्रकार त्यांची वेगळी देतात.

दादा: पण निकष काय? जास्त गुण करणारा, की पहिल्या आलेल्या संघातला?

मी: मत देणाऱ्यानं ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून तर दरवर्षी वाद होतो.

मामी: पहिला कोण आलाय यंदा?

मामा: मिशिगन स्टेट. 17 जिंकले, 3 हरले.

मामी: मग त्यांच्यातल्या कुणाचं नाव तुम्ही दोघंही का घेत नाही?

मामा: प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथले प्रशिक्षक टॉम इझो नऊ-दहा पोरं आलटून पालटून खेळवतात. एकाचीही सरासरी सामन्याला 15 गुणांपर्यंत पोचलेली नाही. आज हा चमकतो, उद्या तो. त्या संघाला सलाम, पण एकाचं नाव काढलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

आता टोन्जेचं ऐका. ओमाहाचा पोरगा. आधी कोलोरॅडो स्टेटला होता, मग मिझुरीला गेला, तिथं पायाच्या दुखापतीत वर्ष गेलं, जेमतेम आठ सामने खेळला. इथं आला तेव्हा माझ्या ऑफिसात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. नोव्हेंबरात ॲरिझोनाविरुद्ध 41 गुण केले त्यानं. त्यात फाउलनंतर मिळणाऱ्या 22 फ्री थ्रोंपैकी 21 आत! मी आणि चिऊ कोहल सेंटरमध्ये वरच्या रांगेत होतो. विसाव्या फ्री थ्रोच्या वेळी शेजारचे आजोबा हात जोडून बसले होते, आणि तो मात्र घरामागच्या अंगणात टाकतोय इतका शांत. सहा वर्षं कॉलेजात काढून, दुखणं सोसून, शेवटच्या वर्षी असं खेळणं सोपं नाही. सामन्याला 19 च्या वर गुण आहेत त्याचे.

चिऊ: ताई, आणि 15 फेब्रुवारी? तुमच्याच मॅकी अरीनात येऊन 32 गुण. आम्ही 94, तुम्ही 84.

मी: विसरेन कशी, मी तिथंच होते. मॅकीत 14,876 माणसं बसतात आणि छत असं आहे की आवाज वर जाऊन परत डोक्यावर पडतो. त्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत तो आवाज विझत गेलेला मी ऐकलाय. टोन्जे खरंच मोठा खेळला. फेब्रुवारीत आम्ही सलग चार सामने हरलो, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट आणि इंडियाना. हे मी लपवत नाही. गटात 13 जिंकून, 7 हरून 13-7 वर थांबलो. पण विस्कॉन्सिनही 13-7 च आहे, चिऊ.

दादा: म्हणजे संघाच्या निकालावरून दोघांत फरकच नाही. मग रटगर्सच्या डायलन हार्पर आणि एस बेलीचं काय? एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेही खूप वर जातील असं इथं पुण्यात आमची बास्केटबॉलवाली पोरंसुद्धा म्हणतायत.

मामा: जातील. पण त्यांचा संघ जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलाय. पुढे कोण मोठा होणार, त्याचं बक्षीस नाही हे. या हंगामात काय केलं त्याचं आहे.

मी: याबाबतीत मामाशी शंभर टक्के सहमत.

दादा: ठीक. मग स्मिथचे आकडे सांग.

मी: सामन्याला 16 च्या आसपास गुण, साडेआठाच्या वर असिस्ट, चारच्या वर रिबाउंड (हुकलेला चेंडू मिळवणं). उंची सहा फूट. आबा, असिस्ट म्हणजे असा पास, ज्यावर समोरच्यानं लगेच बास्केट केली. साडेआठ असिस्ट म्हणजे दुसऱ्यांच्या नावावर लागलेले निदान 17 गुण. ते धरून बघा, परड्यूच्या गुणांतला केवढा वाटा एका पोराच्या हातातून जातो.

दादा: पण तुमच्या संघात सर्वांत जास्त गुण तर ट्रे कॉफमन-रेनचे आहेत ना? 20 च्या घरात. मग तो का नको?

मी: कारण मी दोन वर्षं दर आठवड्याला हेच डोळ्यांनी बघतेय. रेन येऊन स्मिथच्या अंगावरच्या पोराला आडवा उभा राहतो. स्मिथ त्याच्या खांद्याला घासून निघतो. दोन बचावपटू स्मिथवर धावतात, रेन वळून बास्केटकडे जातो, आणि त्या दोघांच्या मधल्या वीतभर फटीतून स्मिथ एका हातानं चेंडू टप्पा देऊन सोडतो. तो टप्पा रेनच्या कमरेशी येतो, गुडघ्याशी नाही आणि छातीशीही नाही. रेनला वाकावं लागत नाही, थांबावं लागत नाही.

मामा: हे वर्णन सुंदर आहे, पण यात एक गफलत आहे. असिस्ट मोजला जातो तो पुढच्यानं चेंडू आत टाकला तरच. रेनच्या हातात ती कला नसती तर स्मिथचे असिस्ट कुठून आले असते? टोन्जे स्वतः फाउल मिळवतो, स्वतः फ्री थ्रो टाकतो, स्वतः गुण करतो. त्यात उसनं काही नाही. शिवाय स्मिथ चेंडू गमावतोही बराच.

मी: गमावतो, कारण चेंडू सतत त्याच्याच हातात असतो. आणि मामा, गेल्या वर्षीपर्यंत सगळे म्हणायचे की याचे असिस्ट झॅक एडीमुळे आहेत. सात फूट चार इंच उंचीचा माणूस, वर चेंडू टाकला की झालं. एडी 2023 आणि 2024 असा दोनदा या गटाचा मानकरी झाला आणि मग एनबीएत मेम्फिसला गेला. यंदा एडी नाही. स्मिथचे असिस्ट घटले का? वाढले! ज्या रेनला एडीच्या सावलीत फारसं कुणी ओळखत नव्हतं, तो आज गटात सर्वाधिक गुण करणाऱ्यांपैकी एक आहे. उसनं घेतो तो आणखी कुणी असेल, स्मिथ देतो.

आई: आबा, तुम्ही काय म्हणता? तुम्ही तर आयुष्यभर मैदानावरच होता.

आबा: लिहितो. टाइप करायला वेळ लागतो मला.

दादा: सावकाश, आबा.

आबा: मी व्हॉलीबॉलला सेटर होतो हे मोठ्यांना ठाऊक आहे, लहानांना नसेल. सांगलीत मातीचं मैदान, उन्हाळ्यात चेंडू तापून इतका कडक व्हायचा की बोटांची टोकं बधिर व्हायची. सेटरनं उचलून दिलं, स्मॅशवाल्यानं मारलं, टाळ्या स्मॅशवाल्याला. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एक गोष्ट सांगतो. मारणाऱ्याचा चेंडू जाळ्यात गेला की लोक म्हणायचे, अरेरे, हुकला. तो हुकलेला नसायचा. मी चेंडू चार बोटं जाळ्याजवळ दिलेला असायचा. ते मला कळायचं आणि त्याला कळायचं, तिसऱ्या कुणाला नाही. चांगल्या सेटरचा मारणारा कमी हुकतो. मामाचा मुद्दा खरा आहे की मारणाऱ्याशिवाय सेटर नाही. पण एकाच सेटरच्या हाताखाली वेगवेगळे मारणारे फुलत असतील तर ती सेटरची करामत समजावी.

आबा: आणि बाळ, मला त्या मुलाचे व्हिडिओ पाठव. पण पास सुटेपर्यंतचेच. बास्केट पडलेली मला बघायची नाही.

मी: आबा 🙏 रात्री लॅबमधून आले की सहा-सात तुकडे कापून पाठवते.

मामी: त्या मेरीलँडच्या डेरिक क्वीनचंही कुणीतरी नाव घ्या रे. पहिल्याच वर्षाला आहे आणि केवढा खेळतो.

मामा: क्वीनला नवोदितांचं बक्षीस नक्की मिळेल, बघ.

दुसऱ्या दिवशी

आबा: सगळे तुकडे बघितले. तिसरा पाच वेळा बघितला. तो ज्याला पास देतो त्याच्याकडे बघतच नाही. कोपऱ्यात जो बचाव करणारा उभा आहे त्याच्या पायांकडे बघतो. त्या बचाववाल्याच्या टाचा उचलल्या, म्हणजे तो आता मधे मदतीला धावणार, त्याच क्षणी चेंडू कोपऱ्यातल्या मोकळ्या पोराकडे. टाचा जमिनीला टेकलेल्या असतील तर चेंडू मधल्या उंच पोराला. आम्हीही समोरच्या ब्लॉकवाल्यांचे पाय बघायचो. हे कुणी शिकवून येत नाही, हजारो वेळा चुकून येतं.

मी: आबा, कोपऱ्यातला तो फ्लेचर लॉयर. आणि चुकण्याचं म्हणाल तर, 2023 मध्ये स्मिथ पहिल्या वर्षाला होता तेव्हा हंगामाअखेरच्या देशपातळीवरच्या एनसीएए स्पर्धेत अव्वल मानांकन असलेलं परड्यू पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच घडलं होतं. त्या रात्री स्मिथनं चेंडू पुन्हा पुन्हा गमावला होता. पुढच्याच वर्षी तोच पोरगा संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

मामा: आबांनी टाचांचं लिहिल्यावर मी काल रात्री जुना सामना लावून बघितला. खरं आहे. तरी माझं मत टोन्जेलाच. आकड्यांपेक्षा त्यानं जे सोसलं त्याला.

आबा: तुझं मत तू सोडू नकोस. माझं मत स्मिथला.

निकाल लागला तेव्हा

मी: स्मिथ!! प्रशिक्षकांनीही त्यालाच, पत्रकारांनीही त्यालाच! एडीची दोन धरून परड्यूचं हे सलग तिसरं वर्ष.

मामा: मनापासून अभिनंदन. टोन्जे गटातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात आहे, आणि नवोदितांचं बक्षीस क्वीनला. चिऊ जरा नाराज आहे, पण मी समजावलंय.

चिऊ: नाराज आहे, पण आबांसाठी आनंद आहे.

शनिवार, 29 मार्च, सांगलीत सकाळ

मी: आबा, उठलात? एनसीएए स्पर्धेतला परड्यूचा ह्यूस्टनविरुद्धचा सामना सुरू होतोय. इंडियानापोलिसला आहे, इथून तासाभरावर, पण तिकीट परवडलं नाही. व्हिडिओ कॉल लावते आणि फोन टीव्हीसमोर ठेवते.

आबा: चहा घेऊन बसलोय. लाव.

(दोन तासांनी)

दादा: काय झालं?

मी: 62-60. हरलो. शेवटच्या मिनिटात कॅम्डन हायडीनं तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली होती. मग ह्यूस्टनच्या मिलोस उझाननं बास्केटखालून चेंडू आत टाकला, तोच परत घेतला आणि 0.9 सेकंद उरले असताना बास्केट केली. आत टाकणाऱ्याकडेच कुणाचं लक्ष नव्हतं.

मामा: वाईट वाटलं, पोरी. गेल्या शनिवारी आम्हीही असेच स्पर्धेबाहेर गेलो. टोन्जेचे 37 गुण, आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून (बीवाययू) 91-89 अशी हार. दोन गुणांची हार फार दिवस टोचते.

मी: मामा, स्मिथचे गुण फक्त 7. असिस्ट 15. ह्यूस्टनसारख्या बचावासमोर 15!

आबा: मी मोजत होतो. कागदावर रेघा मारल्या आहेत. त्याला स्वतःला टाकायला त्यांनी जागाच दिली नाही, म्हणून त्यानं दुसऱ्यांना दिली. मला आज त्याच्याबद्दल फार माया वाटली.

आबा: त्याचं अजून एक वर्ष आहे ना कॉलेजात?

मी: हो आबा, यंदा तिसरं होतं.

आबा: मग नोव्हेंबरात परत कॉल लाव. फोन थोडा मागे ठेव फक्त, खेळाडूंचे पाय दिसत नव्हते.