घरच्यांशी अवयवदानाविषयी बोलायचे आहे. मदत हवी आहे

कृष्णाकाठ
येत्या रविवारी आमचे सगळे कुटुंब सांगलीला एकत्र येत आहे. त्या दिवशी अवयवदानाचा विषय सर्वांसमोर काढून तो एकदाचा मार्गी लावावा, असे मी ठरवले आहे. यजमानांनी आणि मी मरणोत्तर अवयवदानाची ऑनलाइन नोंदणी केली असून प्रमाणपत्रेही आमच्याजवळ आहेत. मात्र घरात हा शब्द उच्चारला की सासूबाई उठून आत जातात, मोठे भाऊजी 'भरल्या घरात असले अभद्र बोलू नये' असे म्हणून विषय थांबवतात आणि जाऊबाईंना पटत असूनही त्या काही बोलत नाहीत. एका दात्यामुळे आठ जणांचे प्राण वाचू शकतात हे सांगून झाले, प्रमाणपत्र दाखवून झाले. वडीलधाऱ्यांना पटेल अशी माहिती किंवा बोलण्याची रीत कोणी सुचवू शकेल काय? 'वेळ जाऊ द्या, हळूहळू पटेल' हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला अनेकांनी दिलेला आहे.

गोदातीर
ताई, आपण अवयवदानाऐवजी देहदानाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. माझ्या पत्नीच्या इच्छेनुसार तिचा देह आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सुपूर्द केला. घरी मृत्यू आला तरी देहदान करता येते, त्यामुळे अतिदक्षता विभाग आणि यंत्रे यांचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रे तयार ठेवून महाविद्यालयाला लगेच कळवले, तर पुढचे सोपे असते. सासूबाईंना दधीची ऋषींची कथा ठाऊक असणारच. तिथूनच सुरुवात करावी.

शमी
गोदातीरकाका, आपल्या पत्नीच्या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे, पण ताईंनी विचारले आहे ते वेगळे आहे. नेत्रदान, अवयवदान आणि देहदान या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. अवयव काढून घेतलेला देह वैद्यकीय महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत; केवळ नेत्रदान झालेले असेल तर अडचण येत नाही. अपघाती मृत्यू असेल आणि शवविच्छेदन झाले असेल, तर देहदान होत नाही.

ताई, तुम्ही लिहिलेल्यातून काही गोष्टी कळत नाहीत. सासूबाईंनीही नोंदणी करावी असे तुम्हाला वाटते, की तुमच्या निर्णयाला त्यांची संमती हवी आहे? विरोध धार्मिक कारणाने आहे, की डॉक्टरांवर विश्वास नसल्यामुळे? घरात सध्या कोणी आजारी आहे का?

कृष्णाकाठ
मी अवयवदान असे स्पष्ट लिहिले आहे. घरात कोणी आजारी नाही. सासूबाईंनी नोंदणी करावी असा माझा हट्ट नाही. उद्या आमच्या बाबतीत काही घडले, तर कोणी आडकाठी करू नये एवढेच हवे आहे. नोंदणी कायदेशीर असताना त्यांची संमती लागण्याचे कारण मला समजत नाही.

समन्वयक_पुणे
मी पुण्यातील एका रुग्णालयात अवयव प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जिवंतपणी दिलेल्या लेखी संमतीला निश्चित स्थान आहे. तरीसुद्धा कोणतेही रुग्णालय जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी आठ क्रमांकाचा नमुना असतो आणि त्यावर पती, पत्नी, मुले, आई-वडील किंवा भावंडे यांच्यापैकी कोणाची तरी सही लागते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती सही तुमची असेल, तुमच्या बाबतीत त्यांची. परंतु आई दाराशी रडत उभी असताना 'कायद्याने तुमची सही लागत नाही' असे तिला सांगून आम्ही शस्त्रक्रियेची तयारी करत नाही, आणि ते योग्यही होणार नाही.

अवयवदानाचा प्रश्न येतो तो बहुधा अतिदक्षता विभागात, माणूस यंत्रावर असताना. त्या वेळी नातेवाइकांना काय दिसत असते, याचा विचार करा. माणूस पलंगावर आहे, अंग गरम आहे, व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होते आहे, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत आहेत, आणि डॉक्टर म्हणतात की हा ब्रेन डेड, म्हणजे मेंदूमृत आहे, मेंदूचे काम कायमचे थांबले आहे. सकाळी दुचाकीवरून कामाला गेलेल्या मुलाबद्दल हे ऐकावे लागते. निर्णयासाठी आठवडा नसतो, कारण मेंदूमृत व्यक्तीचा रक्तदाब फार काळ टिकवून ठेवता येत नाही आणि पुढे प्रत्येक अवयवाची मुदतही ठरलेली असते: शरीराबाहेर काढल्यावर हृदय 4 ते 6 तासांत बसवावे लागते, यकृताला साधारण 12 तास मिळतात, मूत्रपिंडाला एक दिवस किंवा थोडे अधिक. ज्या घरात पूर्वी एकदा तरी बोलणे झालेले असते, तिथे कोणीतरी म्हणते, 'तो असे बोलला होता.' ते वाक्य ऐकले की नातेवाइकांवरचे ओझे उतरते, कारण निर्णय त्यांना स्वतःहून घ्यावा लागत नाही, आपल्या माणसाचे म्हणणे पाळायचे असते. तुमचे प्रमाणपत्र तुमच्या कपाटात आहे, पण हे वाक्य सासूबाईंच्या आणि भाऊजींच्या कानांवर अजून पडलेले नाही.

वाटसरू
समन्वयकताईंच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु घरचे लोक घाबरतात त्याला कारण आहे. हृदय चालू असताना माणूस गेला हे कोणी ठरवायचे? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षे, अंथरुणावर होत्या. त्यांच्याबाबतीत कोणी लवकर निर्णय घेतला असता तर? शिवाय खाजगी रुग्णालयांची बिले पाहिल्यावर लोकांचा विश्वास कसा राहावा? माझ्या मते ताईंच्या भाऊजींचे चुकत नाही.

भूलतज्ज्ञ_सोलापूर
वाटसरू यांनी मांडलेली शंका महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बोलली जाते, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. अरुणा शानबाग मेंदूमृत नव्हत्या. त्यांच्या मेंदूच्या वरच्या भागाला गंभीर इजा झालेली होती, पण मेंदूचा स्तंभ, जिथे श्वासाचे केंद्र असते, तो काम करत होता. त्या यंत्राशिवाय श्वास घेत होत्या, आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षे ज्या मायेने सांभाळले, ती सेवा एका जिवंत व्यक्तीची सेवा होती. अशा रुग्णाच्या बाबतीत अवयवदानाचा प्रश्न कोणीही काढू शकत नाही.

मेंदूस्तंभ मृत झाल्यावर श्वास कायमचा थांबलेला असतो. छाती हलते ती यंत्रामुळे. तपासणीपूर्वी गुंगीच्या औषधांचा अंमल नाही आणि शरीर फार थंड पडलेले नाही याची खात्री करतात. नंतर बुबुळे उजेडाला प्रतिसाद देतात का, डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, घशात नळी फिरवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. जिवंत मेंदूस्तंभ अशा वेळी श्वास घ्यायला लावतोच. हे सर्व चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळात नसतो. बिलांविषयी म्हणाल तर तुमचा राग मला समजतो. मात्र संमती दिल्यानंतर अवयवदानासाठी होणारा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेतला जात नाही.

मँचेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये मे 2020 पासून कायदाच असा आहे की एखाद्या प्रौढ व्यक्तीने नकार नोंदवलेला नसेल, तर तिची संमती गृहीत धरली जाते. वेल्समध्ये तर 2015 पासून ही पद्धत आहे. भारतातही तसे करावे, म्हणजे घरोघरी समजूत काढत बसावे लागणार नाही.

समन्वयक_पुणे
कायद्याने घरातले बोलणे टळत नाही. इंग्लंडमध्येही कुटुंबाशी बोलतातच, आणि संमती गृहीत धरणारा कायदा 1979 पासून असलेल्या स्पेनमध्येसुद्धा नातेवाइकांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. स्पेनचे यश बरेचसे तिथल्या रुग्णालयांत नेमलेल्या प्रशिक्षित समन्वयकांमुळे आहे. आपल्याकडे 2023 मध्ये 18,000 हून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते देशभरात सुमारे 1,100 होते. बाकी बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिले.

सह्याद्रीपुत्र
जिवंत दात्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या चुलतभावाला वहिनींचा रक्तगट जुळत नव्हता, तेव्हा दुसऱ्या तशाच जोडप्याशी अदलाबदल करून मूत्रपिंड मिळाले. कायद्यात त्याची तरतूद आहे. कोणाला गरज असल्यास सविस्तर लिहीन.

जयूताई
सह्याद्रीपुत्र, ही माहिती मोलाची आहे, पण त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

कृष्णाकाठ, तुझ्या लिहिण्यात मला एक गोष्ट खटकते आहे. भाऊजी बोलून नकार देतात, पण सासूबाई वाद घालत नाहीत, उठून जातात. ज्यांना केवळ मत मान्य नसते ते बहुधा बसून दोन शब्द बोलतात. तुझे सासरे हयात आहेत का? नसतील तर ते कसे गेले, हे सांगशील का?

कृष्णाकाठ
याचा या विषयाशी संबंध असेल असे मला वाटले नव्हते. अण्णांचा महामार्गावर अपघात झाला होता. ते काही दिवस व्हेंटिलेटरवर होते. मूळ प्रकृती ठीक नसल्यामुळे त्यांच्याबाबतीत अवयवदानाचा विचार झालाच नाही. ते गेल्यावर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन यांत रात्र गेली, देह दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, आणि घरी आणला तेव्हा तो पूर्ण गुंडाळलेला होता. उशीर झाला म्हणून सगळे घाईने आटोपले आणि आईंना त्यांचे तोंडही नीट पाहता आले नाही. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नाही.

जयूताई
बाळा, मग रविवारी सगळ्यांसमोर हा विषय काढू नकोस. तुझ्या तोंडी 'अवयवदान' हा शब्द आला की त्यांना तो गुंडाळलेला देह दिसत असणार. आठ जणांचे प्राण वाचतात ही गोष्ट खरी आहे, पण त्या क्षणी ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आदल्या दिवशी जा, त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात बस आणि अण्णांबद्दल विचार: 'आई, त्या दिवशी तुम्हाला काय काय करायचे होते, जे करता आले नाही?' एवढेच. त्या बोलल्या तर ऐक, नाही बोलल्या तर तिथेच थांब. त्यांचे मन मोकळे झाल्याशिवाय तुझे मागणे पुढे ठेवू नकोस.

पुढे कधी बोलशील तेव्हा त्यांनी काय करावे हे सांगू नकोस, तुझ्या मनात काय आहे ते सांग. 'आई, मला असे वाटते, आणि तुम्हाला ते माहीत असावे' असे म्हटले, तर त्यांना होकार-नकार देण्याची सक्ती वाटत नाही.

गोदातीर
जयूताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. तरी नेत्रदानापासून सुरुवात करावी असे सुचवावेसे वाटते. नेत्रदान घरीही होते, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, आणि चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. पंखा बंद करून, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीवर किंचित उंच ठेवावे, म्हणजे नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पारपटल (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) चांगले राहते. सासूबाईंच्या वयाच्या माणसांना हे जवळचे वाटते.

शमी
काका, या घराला नेत्रदानातसुद्धा 'चेहरा' हाच प्रश्न आधी पडेल. त्यामुळे सांगायचेच झाले तर हे आवर्जून सांगावे की चेहरा विद्रूप होत नाही आणि पापण्या मिटलेल्याच राहतात.

भाऊजींसाठी मला एक वेगळा मार्ग सुचतो. ऑनलाइन नोंदणी आधार क्रमांकावर होते, त्यामुळे घरातल्या कोणाला काही सांगावे लागत नाही. लेखी इच्छापत्राच्या सात क्रमांकाच्या नमुन्यावर मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. तुमच्या यजमानांनी हा कागद पुन्हा भरावा आणि साक्षीदार म्हणून मोठ्या भावाला विचारावे. भाऊ सही करण्यापूर्वी प्रश्न विचारतील, आणि ते विचारावेत हेच तर आपल्याला हवे आहे.

वाटसरू
अरुणा शानबाग यांच्याबाबतचा फरक मला आज कळला, डॉक्टरांचे आभार. रुग्णालयांच्या कारभाराविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

कृष्णाकाठ
रविवारचा बेत मी रद्द करते. शनिवारी सकाळीच निघून आईंजवळ बसेन. भावाला साक्षीदार करण्याची सूचना यजमानांना पटली आहे. ते भाऊजींशी स्वतः बोलतील.

समन्वयकताई, एक विचारायचे राहिले. अपघात असेल आणि अवयवदानही असेल, तर आईंना पुन्हा तेच पाहावे लागेल का? मला त्यांना खोटे सांगायचे नाही.

समन्वयक_पुणे
खोटे सांगू नकाच. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांना कळवावे लागते आणि शवविच्छेदनही टळत नाही. मात्र परवानगी मिळाल्यास अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेबरोबरच शवविच्छेदन करता येते, म्हणजे देह दोनदा हलवावा लागत नाही. तरीही होकार दिल्यापासून देह ताब्यात मिळेपर्यंत पुष्कळ तास जातात, कारण तपासण्या असतात, विभागीय समिती प्रतीक्षायादीप्रमाणे अवयवांचे वाटप करते (सांगली पुणे विभागात येते) आणि दुसऱ्या शहरांतून शल्यचिकित्सकांचे चमू यावे लागतात. हा वेळ लागणार हे आधीच सांगितलेले असले, तर तो सोसता येतो. शस्त्रक्रियेनंतर टाके व्यवस्थित घालून देह परत देतात, चेहऱ्याला धक्का लागलेला नसतो आणि सर्व विधी नेहमीप्रमाणे करता येतात. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी आईंना जवळ बसायचे असेल, हातात हात घ्यायचा असेल, गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवायचे असेल, तर तसे समन्वयकाला स्पष्ट सांगावे. आम्ही त्यासाठी थांबतो.

कृष्णाकाठ
हे शेवटचे मी आईंना सांगेन. बाकीचे त्यांनी विचारले तर.