मदत हवी आहे: पिंग जातो पण साइट उघडत नाही

मंडळी, तीन दिवस झाले डोकं पिकलंय, नेटवर्किंगमधलं कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा. हॉलमध्ये फायबरचा राऊटर आहे १९२.१६८.१.१ वाला, आतल्या खोलीत रेंज येईना म्हणून माळ्यावरचा जुना राऊटर काढून लॅन टू लॅन (दोन्हींच्या लॅन पोर्टमध्ये) वायरने जोडला. त्याचाही आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) तोच निघाला, म्हणून १९२.१६८.१.२ केला, पण डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करायचं राहिलं आणि मग काय, दोघंही आयपी वाटत बसले. लॅपटॉपला गेटवे (नेटकडे जायचा रस्ता) कधी १.१ मिळायचा कधी १.२, आणि १.२ मिळाला की नेट गायब.

काल जुन्याचं डीएचसीपी बंद केलं. आता गेटवे बरोबर १.१ येतो, गूगलच्या ८.८.८.८ सर्व्हरला पिंग (समोरून उत्तर येतंय का ते बघायची चाचणी) मस्त जातो, पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही. आयपीकॉन्फिग ऑलमध्ये (नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड) डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर, अजून १९२.१६८.१.२ च दिसतो! फ्लशडीएनएस (साठलेली डीएनएस उत्तरं पुसणारी कमांड) मारलं, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. एनएसलुकअप या डीएनएस तपासायच्या कमांडला शेवटी ८.८.८.८ दिलं की उत्तर लगेच येतं, नाही दिलं की टाइमआउट. बायकोचा फोन मात्र त्याच वायफायवर चालतोय (त्यात प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे फोनचा स्वतःचा वेगळा डीएनएस, ऑन आहे, त्यामुळे असेल), आणि त्यावरून टोमणे चालू आहेत ते वेगळंच.

हे १.२ लॅपटॉपमध्येच कुठेतरी चिकटलंय, का मेन राऊटरच वाटतोय? परवा खटाटोप करताना मीच कुठे टाकलं असेल तर आठवत नाही. मेन राऊटरचा ॲडमिन पासवर्ड इंस्टॉल करणाऱ्याने बदललाय, त्यामुळे आत शिरता येत नाही. रीसेट मारला तर पीपीपीओईची (नेट कंपनीकडे लॉगिन करायची) सेटिंग उडेल ना? सोमवारी वर्क फ्रॉम होम आहे हो.