पाठाच्या तयारीचा वेळ निवेदनात कसा मांडावा?

प्रश्न : गणिताच्या_मॅडम (दक्षिण नागपूर)

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, आणि गेल्या वर्षापासून आमच्या शिक्षक संघटनेच्या शहर शाखेच्या कार्यकारिणीत काम करते. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन भरले की यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चांच्या गर्दीत आमचेही निवेदन असते. जुनी पेन्शन, टप्पा अनुदान (टप्प्याटप्प्याने मिळणारे अनुदान), संचमान्यतेचे, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे, निकष आणि आता टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा हे विषय त्यात असतातच, आणि ते असायलाही हवेत. यंदाच्या बैठकीत मात्र मी पाठाच्या तयारीसाठी मिळणारा वेळ हा स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्यावा असे सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसून विचारले, "मॅडम, हे फलकावर लिहिणार कसे?" त्यांच्या विचारण्यात तथ्य होते. पेन्शनची मागणी दोन शब्दांत मावते, तयारीच्या वेळेची मावत नाही.

माझा हिशेब सांगते. आमच्या शाळेत सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी पाच अशा आठवड्याला ४५ तासिका होतात, त्यांपैकी ३३ माझ्याकडे आहेत. म्हणजे वेळापत्रकाच्या कागदावर मला आठवड्याला १२ तासिका मोकळ्या दिसतात. जुलै महिन्यात सलग चार आठवडे मी डायरीत नोंद ठेवली. या काळातील ४८ मोकळ्या तासिकांपैकी २९ तासिका रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलेल्या सहकाऱ्यांच्या वर्गांवर गेल्या, ११ तासिका यू-डायस (शाळेची माहिती भरण्याची शासकीय प्रणाली), आधार पडताळणी आणि "आजच पाठवा" असा शेरा असलेल्या तक्त्यांत गेल्या, आणि खरोखर माझ्या अशा आठ उरल्या. तासिका ३५ मिनिटांची आहे. चार आठवड्यांत चार तास चाळीस मिनिटे. माझ्याकडे तीन तुकड्यांच्या मिळून १५६ गणिताच्या वह्या आहेत आणि एका वहीला तीन मिनिटे दिली तरी एका फेरीला जवळपास आठ तास लागतात. टाचण, प्रयोगाची मांडणी, मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळी उदाहरणे काढणे हे सगळे त्यानंतरचे.

वह्या घरी नेण्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या पिढीतल्या सगळ्याच शिक्षिकांच्या स्कूटीच्या हुकाला त्या पिशव्या लटकलेल्या असतात. परंतु मागणी करायची तर ती कोणत्या आधारावर, किती वेळेची आणि कोणाकडे करायची, संस्थेकडे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे की शासनाकडे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त_मुख्याध्यापक (महाल)

मॅडम, तुमची डायरी पाहून मला माझी बारा वर्षे आठवली, कारण त्या २९ तासिका मीच कोणाच्या तरी घेतलेल्या असणार. मुख्याध्यापकाच्या बाजूने थोडे सांगतो आणि मग तुमच्या बाजूने बोलतो.

सकाळी परिपाठ संपेपर्यंत पर्यवेक्षकाच्या हातात रजेच्या चिठ्ठ्या येतात. दोन शिक्षक किरकोळ रजेवर, एक प्रशिक्षणाला, एक निवडणुकीच्या कामाला आणि एक पद तीन वर्षांपासून रिक्त, असा दिवस अपवाद नसतो. वर्गात साठ मुले शिक्षकाविना बसवता येत नाहीत, पडले-झडले तर जबाबदारी शाळेची. अशा वेळी शाळेजवळ एकच राखीव साठा असतो, तो म्हणजे शिक्षकांच्या मोकळ्या तासिका. म्हणून मुख्याध्यापक त्या मोकळ्या मानतच नाही, त्या त्याला हाताशी असलेल्या वाटतात. वेळापत्रकात त्या चौकोनात काहीही लिहिलेले नसते, आणि जिथे काही लिहिलेले नाही तिथे काहीही लिहिता येते.

माझ्या शेवटच्या चार वर्षांत मी एक गोष्ट केली, तिचा उपयोग झाला. प्रत्येक शिक्षकाच्या आठवड्यातील तीन मोकळ्या चौकोनांत "पाठतयारी" असा शब्द छापून घेतला आणि पर्यवेक्षकांना सांगितले की बाकीच्या तासिका संपल्याशिवाय या तिनांना हात लावायचा नाही, आणि लावलाच तर त्याची नोंद बदली तासिकांच्या वहीत लाल शाईने करायची. पहिल्या महिन्यात लाल नोंदींनी पाने भरली. मग लक्षात आले की निम्म्या नोंदी एकाच वारी आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकांना होत आहेत, कारण रजा, प्रशिक्षण आणि बँकेची कामे सगळे त्याच वारी ठेवत होते. प्रशिक्षणाला एका दिवशी एकाच विषयाचे दोन शिक्षक पाठवायचे नाहीत एवढा नियम केल्यावर त्या नोंदी बऱ्याच उतरल्या. वरून कोणताही आदेश लागला नाही आणि एक रुपयाही खर्च झाला नाही.

पहिली मागणी त्यामुळे संस्थाचालकांकडे आणि मुख्याध्यापकांकडे करा. शासनाकडे रिक्त पदांची मागणी करायची, ती वेगळ्या कागदावर.

उत्तर २ : अधिनियम_वाचक (धरमपेठ)

सरांनी व्यवहार सांगितला, मी कागद सांगतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे म्हटले आहे, आणि तेथेच हे तास तयारीच्या वेळेसह मोजायचे आहेत हेही लिहिलेले आहे. म्हणजे तयारी हे शिक्षकाचे काम आहे, ही बाब कायद्याने आधीच मान्य केलेली आहे. ती नव्याने मागण्याची गरज नाही. आपल्याकडे या ४५ तासांचा अर्थ अनेकदा ४५ तासिका असा घेतला जातो, आणि योगायोगाने मॅडमच्या शाळेतही आठवड्याच्या तासिका नेमक्या तेवढ्याच असल्याने ही चूक तिथे सहज पचेल.

मॅडमच्या ३३ तासिकांचे १९ तास १५ मिनिटे होतात. शाळा अकरा ते पाच आणि शनिवारी साडेतीन तास धरली, तर मधली सुट्टी धरूनही आवारातील उपस्थिती साडेतेहतीस तासांची होते. ४५ मधून ती वजा केली की साडेअकरा तास उरतात, आणि ते आज प्रत्येक शिक्षक स्वतःच्या घरी, स्वतःच्या दिव्याखाली भरत आहे. मात्र येथे सावध राहावे लागेल. "४५ तासांची अंमलबजावणी करा" असे वाक्य निवेदनात लिहिले, तर उद्या कोणी अधिकारी शिक्षकांना सायंकाळी सात वाजेपर्यंत शाळेत बसवून ती अक्षरशः अमलात आणेल. मागणी शालेय वेळेतील तासिकांबद्दल असावी, आणि ४५ तासांच्या तरतुदीचा उपयोग तयारी हे काम आहे एवढे सिद्ध करण्यापुरता करावा.

ही अनुसूची पहिली ते आठवीपुरती आहे. नववी-दहावीच्या तासिका तिच्या कक्षेत येत नाहीत, त्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या अधिनियमाकडे आणि १९८१ च्या नियमावलीकडे जातात. एकच शिक्षक सातवीवर आणि दहावीवर शिकवत असल्याने कागदावरील ही रेघ शाळेत कोणालाच दिसत नाही, पण निवेदनाला उत्तर देणारा कक्ष अधिकारी ती नक्की दाखवील.

अशैक्षणिक कामांबाबत २००९ च्या अधिनियमाचे कलम २७ आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक प्राधिकरणे, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका एवढीच कामे त्याने शिक्षकांना देता येतात. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात असे सांगितले आहे की, हे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, अध्यापनाच्या दिवशी व शाळेच्या वेळेत देऊ नये. शिवाय शिक्षकांच्या कामांचे शैक्षणिक आणि अशैक्षणिक असे वर्गीकरण करणारा राज्याचा शासन निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेला आहे. या तिन्हींचा उल्लेख करा, पण त्यांना तयारीच्या वेळेत मिसळू नका. मॅडमच्या डायरीत तक्त्यांनी खाल्लेल्या तासिका ११ आणि सहकाऱ्यांच्या अनुपस्थितीने खाल्लेल्या २९ आहेत. दोन्हींचे कारण वेगळे आणि उत्तर देणारेही वेगळे.

उत्तर ३ : दोन_शिक्षकी (काटोल तालुका)

वरील चर्चा वाचताना थोडा हेवा वाटला, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा त्याच अनुसूचीतील निकष आहे, आणि आमचा पट साठच्या खूप खाली असल्याने पाच वर्ग आम्ही दोघे सांभाळतो. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी ते पाचवी दुसऱ्या खोलीत. येथे मोकळी तासिका नावाची वस्तूच नाही, कारण मी खोलीबाहेर पडलो तर तीन वर्ग एकदम शिक्षकाविना होतात.

तयारीची गरज मात्र बहुवर्ग अध्यापनात दुप्पट असते. तिसरीला वाचन चालू असताना चौथीने स्वतःहून करावे असे काय आणि पाचवीने गटात करावे असे काय, हे आदल्या दिवशी ठरलेले नसेल तर तिन्ही वर्ग फळ्यावरचे उतरवून काढत बसतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला शाळा अगदी शांत व शिस्तीची दिसते. शाळेच्या वेळेत माझ्या हाती येणारा वेळ म्हणजे मुले जेवतात तो, आणि त्यात आहाराची चव, तांदळाचा साठा, ॲपवरील ताटांची संख्या आणि स्वयंपाकी ताईंच्या मानधनाची चौकशी एवढे उरकायचे असते. जोडीदार केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला गेला, की त्या दिवशी पाचही वर्ग माझे.

तुमच्या निवेदनात "आठवड्याला अमुक मोकळ्या तासिका" असा शब्दप्रयोग आला, तर आमच्यासारख्या शाळा त्यातून आपोआप गळतील. आमच्यासाठी मागणी वेगळी हवी. केंद्रातील शिक्षण परिषदेचा अर्धा वेळ सूचना वाचून दाखवण्याऐवजी एकत्र बसून पुढील महिन्याचे बहुवर्ग नियोजन करण्यासाठी राखावा, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. सूचना तर भ्रमणध्वनीवर आदल्या रात्रीच आलेल्या असतात.

जाता जाता एक कडवट गोष्ट. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिकपेक्षा खालच्या शाळांतील शिक्षकांना मत नसते, संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्येच तशी अट आहे. त्यामुळे शिक्षकांच्या कामाच्या स्थितीवर सभागृहात बोलले जाते तेव्हा माध्यमिक शाळांचे चित्र आधी उभे राहते. तुमची शाखा माध्यमिकची असली तरी एक परिच्छेद आमचाही घ्यावा.

उत्तर ४ : नवीन_सेवक (उत्तर नागपूर)

मी शिक्षण सेवक म्हणून दुसऱ्या वर्षात आहे, माध्यमिकसाठीच्या १८,००० रुपये मानधनावर. बदली तासिका सर्वांना सारख्या जातात असे वरील चर्चेत गृहीत धरलेले दिसते, माझा अनुभव तसा नाही. पर्यवेक्षक वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे राहतात तेव्हा ज्येष्ठांची नजर वर्तमानपत्रात असते, आणि वही आपोआप माझ्यासमोर येते. तीन वर्षांनंतरच्या नियमित नियुक्तीचा कागद ज्यांच्या हाती आहे, त्यांना नाही म्हणणे शक्य नसते. म्हणून लाल शाईच्या नोंदीत तासिका कोणाची गेली हेही लिहिले जावे आणि महिन्याअखेरीस ती वही सर्वांना पाहता यावी.

दुसरा मुद्दा बोलावा की नाही असे वाटत होते. वेळ मिळाला तर आपण तयारी करतो का? आमच्या स्टाफरूममध्ये चौदा शिक्षकांसाठी एक लांब टेबल आहे, कपाटाचे दोन कप्पे आहेत आणि मार्चनंतर पंख्याची हवा अंगाला चटके देते. अशा ठिकाणी मोकळी तासिका गप्पांत आणि भ्रमणध्वनीत जाते, माझीही जाते. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर पन्नाशीकडे झुकलेले काही सहकारी त्याच टेबलावर टीईटीची पुस्तके उघडून बसलेले असतात, कारण पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आहे. त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. परंतु वेळ मागताना बसायला जागा, एक कूलर आणि छपाईयंत्राची शाई हेही मागावे, नाहीतर व्यवस्थापन पहिल्याच आठवड्यात स्टाफरूमचे छायाचित्र काढून दाखवील.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : गणिताच्या_मॅडम

सर्वांचे आभार. नवीन_सेवक, तुम्ही लिहिलेले वाचून मी माझी डायरी पुन्हा उघडली. उरलेल्या आठ तासिकांपैकी तीनमध्ये मी काय केले याची नोंदच नाही, आणि त्या बहुधा चहात गेल्या असाव्यात. हिशेब देताना आठऐवजी पाचच सांगेन.

काल रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. अधिवेशनाच्या निवेदनात हा मुद्दा या वर्षी घ्यायचा नाही असे ठरले, आणि सुचवणारी मीच असूनही मी त्याला संमती दिली, कारण एका शिक्षिकेच्या चार आठवड्यांच्या डायरीवर शासनाकडे काही मागता येत नाही. त्याऐवजी शाखेतील ज्या शाळा तयार होतील तेथे दिवाळीनंतर सहा आठवडे बदली तासिकांची नोंद ठेवायची आहे. रकाने चारच ठेवले आहेत : तासिका कोणाची गेली, कोणाच्या वर्गावर गेली, रजा, प्रशिक्षण, रिक्त पद की तक्ता यांपैकी कशामुळे गेली, आणि ती "पाठतयारी" म्हणून राखलेली होती का. महालच्या सरांची लाल शाई जशीच्या तशी घेतली आहे. काटोलच्या सरांनी त्यांच्या केंद्रासाठी रकाने बदलून द्यावेत, ती नोंद आम्ही वेगळी जोडू.

आमच्या मुख्याध्यापिकांना मी आज सकाळी नमुना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चौथ्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "तीन नाही जमणार, दोन राखते. पण बुधवार सोडून."