शेजारच्या कोंबड्यांचं (खरं तर दोन कोंबड्यांच्या बांगेचं) काय करावं? मदत हवी आहे

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला गावठाणाला खेटून असलेल्या एका सात मजली इमारतीत राहतो. मागची भिंत संपली की लगेच एका आजींचं कौलारू घर, मातीचं अंगण, एक शेवगा आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीलाच टेकवून बांधलेलं खुराडं. वर पत्रा, पुढे कुठल्यातरी जुन्या खिडकीची जाळी. दहा-बारा कोंबड्या आणि दोन नर. माझी बेडरूम दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर त्याच्या डोक्यावर.

कोंबड्या आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासूनच्या. त्यांचा त्रास मला कधी वाटला नाही. अंडीही मी आजींकडूनच घेते. दिवाळीनंतर दुसरा कोंबडा वयात आला आणि तिथून सुरू झालं. साडेतीनला पहिला बांग देतो, दुसरा उत्तर देतो, मग पहिल्याला राहवत नाही. पाचपर्यंत जुगलबंदी. मुलगा दहावीला आहे, एक वाजता झोपतो. परीक्षा तोंडावर आलीय.

सोसायटीतल्या इतरांच्या तक्रारी वेगळ्या. पावसाळ्यात वास येतो, घुशी वाढल्या, रोगराई होईल वगैरे. यात सगळ्यात मोठा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, जे रोज सकाळी कबुतरांना दाणे टाकतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रामायण झालं, तरी यांच्या ग्रिलवर पंगत चालूच. असो.

सेक्रेटरींना वॉर्ड ऑफिस आणि पोलीस दोन्हीकडे अर्ज द्यायचाय आणि मसुदा मी लिहायचा, कारण खिडकी माझी! आजींशी एकदा कमिटीचे दोघे बोलून आले. आजी म्हणाल्या, "आमचे कोंबरे तुमच्या बिल्डिंगीच्या पयले पासून हायेत." विषय तिथेच संपला.

मला अर्ज नकोय, झोप हवी आहे. कायदा नक्की काय म्हणतो, आणि भांडण न करता कोंबडा गप्प करता येतो का?

टमरेल

आम्ही कोंबडा आरवला की उठून अभ्यासाला बसायचो. तुम्हाला फुकटात गजर मिळालाय. :)

चुलीवरचं_कालवण

आषाढ अमावस्येपर्यंत थांबा. गटारीला प्रश्न आपोआप सुटेल.

पहाटपाळी

@टमरेल, एकदा येऊन झोपा आमच्याकडे. @चुलीवरचं, तोवर बोर्डाचा निकालसुद्धा लागलेला असेल.

सरळसोट

शहरात कोंबड्या हव्यातच कशाला? १९१६ ला फोन करा, महापालिकेचा माणूस येईल, मोकळे व्हा. उगाच भावनिक होऊ नका.

काळा_कोट

वकील आहे, पण हा सल्ला फुकट आहे, तेवढ्यापुरताच घ्या.

पहिली गोष्ट, तुमच्या सोसायटीचे उपविधी तुमच्या सभासदांना लागू होतात, भिंतीपलीकडच्या आजींना नाही. त्यामुळे 'सोसायटीचा ठराव झालाय' असं पत्र त्यांना पाठवलंत तर त्याला काडीची किंमत नाही, वर संबंध बिघडतील ते वेगळंच. दुसरी, ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. कोंबड्याची बांग ती सहज ओलांडते, पण खरं सांगायचं तर मुंबईच्या रस्त्यावरची नुसती वर्दळही ओलांडते. त्या आकड्यावर केस उभी करायला जाऊ नका. तिसरी, सार्वजनिक उपद्रव. भारतीय न्याय संहितेचं कलम २७० त्याची व्याख्या करतं आणि २९२ मध्ये शिक्षा आहे, १००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पोलिसांनी मनावर घेतलं तरी म्हातारीला चौकीच्या खेपा आणि तुम्हाला तीच पहाट.

अर्ज द्यायचाच असेल तर वास, घाण आणि घुशी यावर द्या, तोही वॉर्डाच्या आरोग्य खात्याकडे. तिथे दखल घेतली जाते. बांगेवर दिलेला अर्ज फायलीत पडून राहील.

वेसाव्याची_पारू

आमच्याकडे अजून कोंबड्या आहेत, आणि समोर टॉवरही आहे. म्हणून दोन्हीकडचं माहितीय.

ताई, अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो लागतो पिल्लांसाठी, आणि त्यालाही एक पुरे. दोन असले की एकमेकांना ऐकवत बसतात. दुसरा कशासाठी ठेवलाय ते आधी आजींना विचारा. कमिटीच्या माणसांना पाठवू नका, तुम्ही एकट्या जा, अंडी घ्यायला जाता तशाच.

उरलेल्याला रात्री वेगळ्या बुटक्या पेटीत ठेवायचं. बांग द्यायला कोंबडा मान ताणून उंच होतो, छत डोक्याच्या जरा वर असलं की पूर्ण जोर लागत नाही. पेटीत आरामात बसता आलं पाहिजे, बाजूंनी वारा खेळला पाहिजे, नाहीतर एप्रिलच्या उकाड्यात सकाळी मेलेला मिळेल. सहा-साडेसहाला बाहेर सोडायचा. आवाज बंद होत नाही, पण खिडकी लावली की झोपमोड होत नाही इतपत येतो. आणि खुराडं भिंतीपासून हलवा. भिंत आणि पत्रा, दोन्हीवरून आवाज तुमच्याच खिडकीत उसळतोय.

टमरेल

कोंबडं झाकलं तरी...

वेसाव्याची_पारू

तांबडं फुटू दे की. साडेतीनला फुटू नये एवढंच म्हणणं आहे.

खुरी_आणि_चोच

पशुवैद्यक आहे, पारूताईंशी सहमत. थोडी भर घालतो.

कोंबडा उजेड पाहून आरवतो हे अर्धंच खरं. २०१३ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की त्याच्या आत घड्याळ असतं, सतत मंद उजेडात ठेवला तरी तो ठरावीक वेळी आरवतो. पुढे त्याच गटाला असंही दिसलं की कळपात मानाने वरचा कोंबडा आधी बांग देतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने. म्हणजे एक गेला तर जुगलबंदी थांबेल, पहिली बांग थांबणार नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा. आवाज कमी करायचा गळपट्टा ऑनलाइन मिळतो, तो कृपा करून सुचवू नका. जरा घट्ट बसला तर पक्षी गुदमरतो.

वासाचं कारण ओली विष्ठा. पाण्याच्या भांड्याखालचा भुसा ओला राहिला की अमोनिया सुटतो. खाली लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस जाड पसरायचं, दर दोन दिवसांनी उकरून वरखाली करायचं, ओला भाग काढून टाकायचा. पावसाळ्यात पत्रा पुढे दोन फूट वाढवा.

घुशी कोंबड्यांसाठी येत नाहीत, रात्री सांडून राहिलेल्या दाण्यासाठी येतात. संध्याकाळी खाद्य उचलून बंद डब्यात ठेवायचं. हे मात्र गांभीर्याने घ्या. मुंबईत उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो पसरतो, २००५ च्या पुरानंतर आपण तो भोगलाय. (काकांचे कबुतरांचे दाणेही घुशींना तितकेच आवडतात, हे मीटिंगमध्ये जरूर मांडा.)

बर्ड फ्लूची भीती सरसकट नको. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीला आला तेव्हा कोंबड्या अचानक आणि मोठ्या संख्येने मेल्या. तसं काही दिसलं तर मेलेल्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवायचं. राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस मात्र आजींनी द्यायला हवी. पिल्लांना लासोटाचे थेंब देतात.

पहाटपाळी

सगळ्यांचे आभार, अपडेट देते.

काल एकटीच गेले. आजींनी चहा केला, सेक्रेटरींचा यथेच्छ उद्धार केला, मग बोलल्या. दुसरा कोंबडा एकविरेच्या मानाचा आहे, चैत्रात कार्ल्याला जायचाय. त्याला आत्ता कुठेही देणार नाहीत, आणि मीही तो विषय पुढे नेला नाही. पण तोवर तो रात्री भाच्याकडे ठेवायला तयार झाल्या, त्याचं घर गावठाणाच्या पलीकडच्या टोकाला आहे. थोरल्यासाठी बुटकी पेटी चालेल म्हणाल्या, "तुमी बनवून द्या." खुराडं शेवग्याखाली हलवायलाही हरकत नाही, मात्र मजुरी त्या देणार नाहीत.

तर आता खर्च. पेटी, जाळी, पत्रा आणि एका माणसाची मजुरी. कमिटी म्हणते सोसायटीच्या पैशातून बाहेरच्या माणसाचं खुराडं बांधता येत नाही. बरोबर आहे का हे?

काळा_कोट

बरोबर आहे. ऑडिटमध्ये प्रश्न येईल. मागच्या बाजूच्या बेडरूमवाल्यांनी वर्गणी काढा, ज्याची झोप त्याचे पैसे.

पहाटपाळी

चार घरं तयार आहेत. काकांनीही पैसे दिले, कबुतरांचा विषय काढायचा नाही या अटीवर. जाळी कुठली घेऊ?

वेसाव्याची_पारू

अर्धा इंची वेल्डमेश. दुकानदार षटकोनी भोकांची कोंबडीजाळी गळ्यात मारेल, ती घेऊ नका. तिच्यातून उंदराचं पिल्लू आरामात जातं आणि घूस तर ती कुरतडून टाकते. आणि जाळी जमिनीत वीतभर खाली गाडा.