कायम चालू राहणाऱ्या कामासाठी व्हर्च्युअल मशिनं भाड्याने घेणं धंद्याला परवडतं का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

मोजपट्टी
आमचं वितरकांसाठी बिलिंग आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. तीन वर्षांपूर्वी सगळं क्लाउडवर नेलं, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधली व्हर्च्युअल मशिनं (एका खऱ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने पाडलेले वेगवेगळे भाग) भाड्याने घेतली. तेव्हा दोन मशिनं होती, आज नऊ आहेत. गेल्या महिन्यात हिशेबनीसांना घेऊन बसलो आणि तीन वर्षांची बिलं ओळ न् ओळ वाचून काढली. त्यातून माझं मत असं झालं आहे: ज्या कामाचा भार रोज तोच आहे आणि जे चोवीस तास चालूच ठेवावं लागतं, ते तासाच्या दराने भाड्यावर चालवू नये. स्वतःचे सर्व्हर घ्यावेत आणि डेटा सेंटरमध्ये जागा घेऊन ठेवावेत.

मशिनचं भाडं एकूण बिलाच्या निम्म्याहून थोडंच जास्त निघालं. उरलेलं सगळं डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), बाहेर जाणारा डेटा आणि पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) यांचं. चाचणीसाठीचं एक मशीन आमच्या एका सहकाऱ्याने आतून शटडाउन केलं होतं. ते बंद आहे असं आम्ही धरून चाललो. आमच्या क्लाउड कंपनीकडे तेवढ्याने भागत नाही. कन्सोलवरून, म्हणजे कंपनीच्या वेबवरच्या नियंत्रण पानावरून, ‘डीअलोकेट’ करावं लागतं, नाहीतर प्रोसेसर आणि मेमरी तुमच्या नावावर राखीव राहतात आणि भाडं लागत राहतं. पाच महिने लागलं. डीअलोकेट केल्यावरही डिस्कचे पैसे सुटत नाहीत, हे त्यानंतर कळलं.

दुसरा अनुभव जास्त त्रासाचा. स्वस्त पडतात म्हणून ‘बर्स्टेबल’ मशिनं घेतली होती. यांना प्रोसेसरची पूर्ण ताकद कायम मिळत नाही. निवांत वेळेत क्रेडिट साठतात आणि गरजेच्या वेळी ती खर्च होतात. महिनाअखेरीला सगळे वितरक एकदम अहवाल काढायला बसले, दुपारपर्यंत क्रेडिट संपली आणि मशीन मूळ मर्यादेवर आलं. एकेका अहवालाला वीस-वीस मिनिटं. ग्राहकांचे फोन मी स्वतः घेतले आहेत, म्हणून इतकं तळमळून लिहितो आहे.

रात्रपाळी
असहमत. तुम्ही दोन्ही वेळा चुकीच्या प्रकारचं मशीन किंवा चुकीची सवय वापरलीत आणि दोष भाड्याच्या पद्धतीला देताय.

मी स्वतःचा सर्व्हर चालवलेला माणूस आहे. ऑफिसच्या एका खोलीत दोन सर्व्हर, एक यूपीएस, एक एसी. एका शनिवारी रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) गेला. डिस्का चांगल्या होत्या, पण त्याच जातीचा कंट्रोलर मिळेपर्यंत त्या वाचता येईनात. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. आम्ही आदल्या आठवड्याच्या बॅकअपवर कसाबसा धंदा चालू ठेवला आणि मधल्या नोंदी लोकांनी कागदावरून पुन्हा भरल्या. त्या अकरा दिवसांची किंमत तुमच्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात येते? आता आम्ही भाड्यावर आहोत; खालचं यंत्र बिघडलं तर तेच व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या यंत्रावर पाच-दहा मिनिटांत उठतं. मला रात्री झोप लागते.

आणि रोज सारखा भार असेल तर तासाचा दर द्यायचाच कशाला? एक किंवा तीन वर्षांचा करार करा, दर बराच खाली येतो.

अनवट
कराराबद्दल थोडं सावध राहा. आम्ही तीन वर्षांचा केला. सव्वा वर्षाने डेटाबेसच्या क्वेरी (माहिती मागणाऱ्या आज्ञा) नीट लिहून घेतल्या, माहिती पटकन सापडावी म्हणून इंडेक्स लावले आणि निम्म्या मशिनांची गरजच उरली नाही. भाडं मात्र पूर्ण भरावं लागलं. आधी सॉफ्टवेअर सुधारा, महिना-दोन महिने वापर मोजा, करार त्यानंतर.

मोजपट्टी यांच्या बाजूने एक ठळक उदाहरण आहेच. ‘बेसकॅम्प’ हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च केले आणि त्याच वर्षी बाहेर पडायचं जाहीर केलं. साधारण ७ लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर घेऊन २०२३ मध्ये त्यांनी आपली सॉफ्टवेअरं त्यावर हलवली.

रात्रपाळी
ते उदाहरण दर वेळी येतं. त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं आधीपासून होती आणि क्लाउड सोडल्यावर नवीन भरती करावी लागली नाही. नऊ मशिनांच्या धंद्यात तो माणूस कोण? बहुतेक वेळा जो कोड लिहितो तोच. तो फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करत बसला तर ग्राहकाचं काम कोण करणार?

आडवाट
तुम्ही दोघंही भार सारखा आहे असं धरून बोलताय. आमचं काम व्हिडिओ रूपांतराचं. आठवड्यातले चार दिवस काहीच नसतं आणि एका दिवशी साठ मशिनं लागतात. आम्ही ‘स्पॉट’ मशिनं घेतो, म्हणजे कंपनीकडे रिकामी पडलेली क्षमता. अ‍ॅमेझॉनकडे ती नेहमीच्या दरापेक्षा ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळू शकते, पण त्यांना हवी झाली की २ मिनिटांची सूचना देऊन काढून घेतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओचे छोटे तुकडे करतो. मशीन गेलं तर एक तुकडा पुन्हा करायचा, बस्स. हे काम स्वतःच्या यंत्रांवर केलं असतं तर साठ यंत्रं घेऊन आठवडाभर धूळ खात ठेवावी लागली असती.

बिलिंगसारख्या कामाला मात्र स्पॉटच्या वाटेला जाऊ नका.

साठवण
बॅकअपबद्दल कोणी बोललंच नाही, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथे आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण गेली. ज्यांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची एक मोठी यंत्रणा गूगलच्या बाजूच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. दोन ठिकाणी प्रती होत्या, दोन्हीकडच्या गेल्या. त्या यंत्रणेबाहेर वेगळे बॅकअप ठेवले होते, त्यांतले काही दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून सावरणं शक्य झालं.

तेव्हा भाड्याचं असो की स्वतःचं, त्याच खात्यातल्या स्नॅपशॉटला बॅकअप म्हणू नका. आमची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या कंपनीकडे जाते. बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात, अ‍ॅमेझॉनचा सुरुवातीचा दर बऱ्याच ठिकाणी जीबीला ९ सेंट आहे. पूर्ण प्रत आठवड्यातून एकदाच पाठवतो, इतर दिवशी फक्त बदललेला भाग.

मोजपट्टी
रात्रपाळी, तुमच्या अकरा दिवसांना माझ्याकडे उत्तर नाही. मी सुटा कंट्रोलर जवळ ठेवण्याचा खर्च धरलाच नव्हता, आणि माणसाच्या वेळेचाही नाही. पण ‘चुकीची सवय’ हे मान्य करत नाही. बंद केलेल्या मशीनचं भाडं चालू राहतं हे बिल आल्याशिवाय कळत नसेल तर त्यात पद्धतीचाही दोष आहे. खर्चाची सूचना देणारी मर्यादा लावता येते, ती आता लावली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती फक्त ईमेल पाठवते, मशीन थांबवत नाही.

अहवालांचं काम रात्री आळीपाळीने करायला लावलं आहे आणि दोन बर्स्टेबल मशिनं बदलून कायम पूर्ण ताकदीची घेतली. डेटाबेस मात्र अजूनही स्वतःच्या सर्व्हरवर न्यावा असंच वाटतं, कारण बिलातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्थिर ओळ तीच आहे.

अनवट
डेटाबेस एकीकडे आणि ॲप दुसरीकडे ठेवलंत तर प्रत्येक क्वेरीला मधलं अंतर पार करावं लागेल. एका पानाला चाळीस क्वेरी लागत असतील तर लोकांना तो उशीर जाणवतो. हलवायचंच तर दोन्ही एकत्र हलवा. त्याआधी एका पानाला किती क्वेरी लागतात तेवढं मोजून इथे लिहाल का?