अर्धवट विमानाची नोंदणी आताच करावी का?

मिरजकर_सॅक्रमेंटो : गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे छोटे विमान बांधतो आहे. शेपूट आणि डावा पंख झाला असून उजव्या पंखाला रिव्हेट मारणे चालू आहे. किट (सुट्या भागांचा संच) ऑरेगनहून आणले. तेथे विक्रीकर नाही. एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे) नोंदणी आताच करावी की विमान पूर्ण झाल्यावर? शुल्क आणि कर मिळून यंदा ५०० डॉलर बाजूला ठेवले आहेत.

दोन_पंख : ऑरेगनने कर घेतला नाही म्हणून कॅलिफोर्निया सोडत नाही. येथे यूज टॅक्स (राज्याबाहेरून करमुक्त आणलेल्या मालावरचा कर) किमान ७.२५ टक्के आहे. २०,००० डॉलरच्या किटवर १,४५० होतात. मी तो तीन वर्षांनी दंडासह भरला.

ऑस्टिनचा_अण्णा : आमच्या टेक्सासमध्ये खाजगी वापराच्या विमानावर प्रॉपर्टी टॅक्सच नाही. इकडे या.

दोन_पंख : अण्णा, प्रश्न नोंदणीचा आहे, बिऱ्हाड हलवण्याचा नाही.

गॅरेजवाला : मी हौसेने लवकर नोंदणी केली. एफएएची नोंदवही सर्वांना खुली असल्यामुळे काउंटीचे (येथील जिल्ह्याचे) प्रॉपर्टी टॅक्सचे पत्र लगेच आले. कॅलिफोर्नियात १ जानेवारीला जे तुमच्या मालकीचे, त्यावर त्या वर्षीची आकारणी होते. माझ्या सांगाड्याला तेव्हा चाकेही नव्हती. तसे फोटो पाठवल्यावर मूल्य उतरले, पण पत्रव्यवहारात उन्हाळा गेला.

रिव्हेट_काकू : गॅरेजवाल्यांशी सहमत. हवा तो एन-नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) वर्षाला १० डॉलरमध्ये राखून ठेवता येतो, तेवढेच करा. विमान उडण्यायोग्य आहे का या तपासणीच्या तीन-चार महिने आधी किटचे विक्रीपत्र, नोटरी केलेले मालकीचे प्रतिज्ञापत्र (फॉर्म ८०५०-८८) आणि अर्ज एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी कार्यालयाला पाठवा. मी २०२३ मध्ये नोंदणीचे ५ डॉलर भरले, मात्र तपासणीला आलेल्या खाजगी डीएआरने (एफएएने नेमलेल्या तपासनिसाने) ८०० घेतले. बांधकामाचे फोटो तारखेनिशी ठेवा, कारण निम्म्याहून अधिक काम हौशी हातांचे आहे हे तुम्हालाच दाखवावे लागते.

पुणेकर_वाचक : कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधले, नोंदणी बऱ्याच खटपटीनंतर २०१७ मध्ये मिळाली. त्यापुढे तुमचे पाच डॉलर म्हणजे चैनच.

गॅरेजवाला : पुन्हा सांगतो, १ जानेवारीपूर्वी नोंदणी नको.

मिरजकर_सॅक्रमेंटो : सर्वांचे आभार. यूज टॅक्स काल भरला, ५०० चा हिशेब तेथेच बुडाला. नोंदणीचा अर्जही मात्र आजच टाकला. डिसेंबरात वडील येत आहेत. एन-नंबरात त्यांच्या एसटीच्या बिल्ल्याचे आकडे घेतले आहेत आणि ते प्रमाणपत्र त्यांच्या हातात द्यायचे आहे. काउंटीचे पत्र आले की गॅरेजवाल्यांना फोटो कोणत्या कोनातून काढले ते विचारीन.